हरलेलं मतही जपलं
कुणीतरी म्हटलंय की इ.स. 200 च्या सुमारास रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहूदा हनासी यांनी मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या मौखिक धर्मनियमांचा ग्रंथ, संकलित केली आणि मौखिक परंपरेतल्या वादांवर पडदा पडला. मला तर उलटंच वाटतं. मिश्नाचे 6 विभाग, 63 प्रकरणं. चाळून बघा, जागोजागी मतभेदच. हिलेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंचे पंथ: हिलेलपंथी असं म्हणतात, शम्मायपंथी तसं. निकाल बहुतेकदा हिलेलपंथीयांच्या बाजूने, पण हरलेलं मत खोडलेलं नाही. 'एदुयोत' प्रकरणात हाच प्रश्न विचारलाय: एकट्यादुकट्याचं मत नोंदवायचं कशाला? तर पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते पटलं, तर आधार हवा ना!

तालमूदमधली (म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चांच्या ग्रंथातली) भट्टीची गोष्ट तर भन्नाट आहे. एक भट्टी विटाळते की नाही, यावर रब्बी एलियेझर एकटे पडले. (सोवळंओवळं पाळणाऱ्या आमच्या आजीला हा वाद लगेच कळला असता.) त्यांच्या शब्दाखातर झाड उपटून लांब गेलं, पाण्याचा पाट उलटा वाहिला, शेवटी आकाशवाणीसुद्धा झाली. त्यावर रब्बी यहोशुआ उठून म्हणाले, "तोरा आकाशात नाही!" म्हणजे तोरा, देवाने दिलेलं धर्मशास्त्र, आता माणसांच्या हाती आहे; निकाल त्यांनीच द्यायचा. बहुमत जिंकलं. नंतर एलियेझर यांना बहिष्कृत केलं, ते मात्र मला अजून खटकतं.