वेड दाखवायला कॅमेरा वाकडा कशाला?

ओली_पडवी
शनिवारी पावसाने असा जोर धरला की फोंड्याहून पणजीला परतायचा विचारच सोडून दिला. मित्राच्या पडवीत चादर ताणली, प्रोजेक्टर लावला आणि रात्री लागोपाठ दोन जुने सिनेमे बघितले. पोलान्स्कीचा 'रिपल्शन' (१९६५) आणि आर्जेंतोचा 'सस्पिरिया' (१९७७). पहिल्याने झोप उडवली, दुसऱ्याने नुसते डोळे दुखले.

माझं म्हणणं असं, की माणसाला वेड लागताना दाखवायचं तर कॅमेऱ्याने शहाणं राहावं. 'रिपल्शन'मधली मुलगी लंडनच्या फ्लॅटात एकटी आहे, बहीण बाहेरगावी गेलेली. सोललेला ससा ताटात पडून कुजतो, बटाट्यांना मोड येतात. किती दिवस गेले ते सांगायला आणखी काही लागत नाही. मग भिंतीला तडा जातो. लेन्स रुंद होत जाते आणि आपण मघाशी बघितलेलाच बोळ संपता संपत नाही. सगळं कृष्णधवल. कुणी आरडाओरडा करून 'बघा, ही वेडी झाली' म्हणत नाही.

'सस्पिरिया'त पहिल्या दहा मिनिटांतच लाल, निळा, हिरवा असा ओतलाय की पुढे वाढवायला जागाच नाही. आपल्या हिंदी भुताच्या सिनेमांचं तर विचारूच नका. बाईचं डोकं फिरलं की कॅमेरा तिरका, केस मोकळे, हिरवा उजेड, बाहेर वीज. मला तर हसूच येतं.

पटत नसेल त्यांनी भांडावं. पाऊस काही थांबत नाहीये.

जिलेटिनवाला
भांडतो. पेडणे-डिचोलीकडच्या जत्रेतल्या नाटकांना वीसेक वर्षं लाईट करतोय, म्हणून रंगाला नावं ठेवलेली ऐकवत नाहीत.

आधी तुमची चूक. 'सस्पिरिया'त वेडं कोण आहे? ती नृत्यशाळा चेटकिणींची आहे, आणि शिकायला आलेली पोर तिथली एकटी धड डोक्याची. मग तो रंग वेडाचा कसा? तो त्या वास्तूचा रंग. छायालेखक तोव्होली दिव्यांपुढे रंगीत कापडं धरायचा, तीही नटांच्या तोंडाजवळ. प्रिंट काढले टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने, ज्यात प्रत्येक रंग वेगळा चढवतात. म्हणून तो लाल रक्ताचा वाटत नाही, पिंजरीचा (कुंकवाचा) वाटतो. मी दिव्यापुढे लावायच्या जिलेटिनच्या रंगीत कागदांवर जे करायला धडपडतो ते त्याने करून दाखवलं, आणि तुमचे डोळे दुखले!

आता वेडाचं. आमच्याकडे शेवटची रांग पार आंब्याखाली असते, तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत. राजाला भ्रम व्हायला लागला की मी पिवळा उजेड डिमरवर दाणा दाणा उतरवतो आणि निळा चढवतो. एका पदाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. कुणाच्या लक्षात येत नाही, पण बायका पदर सावरून बसतात. मग खालून एकच लाल. खालून उजेड आला की नाकाची सावली कपाळावर चढते, आपल्या आईचं तोंडही परकं दिसतं. लहानपणी हनुवटीखाली टॉर्च धरून सगळ्यांनी हे केलंय.

आणि वाकडेपणाचं म्हणाल तर या सगळ्याचा मूळपुरुष जर्मन सिनेमा 'कॅलिगारी' (१९२०). घरं तिरकी, खिडक्या तिरक्या, सावल्यासुद्धा ब्रशने रंगवलेल्या. आमच्या नाटकाचे रस्त्याचे नि जंगलाचे पडदे असतात ना, तसंच. शंभर वर्षं झाली, अजून अंगावर येतो.

ओली_पडवी
सस्पिरियाचं मान्य, उदाहरण चुकलं. पण कॅलिगारी मूकपट होता हो. बिचाऱ्यांना आवाज नव्हता, म्हणून भिंती वाकवल्या.

जिलेटिनवाला
तसं नाही. शेवटी कळतं की गोष्ट सांगणारा स्वतःच वेड्यांच्या इस्पितळात आहे. मग तो वाकडेपणा त्याच्या डोक्यातला, असं आपण म्हणतो. पण कॅमेरा त्याच्या गोष्टीतून बाहेर आला तरी इस्पितळाचं ते अंगण तसंच राहतं, फरशीवरचे पट्टे तसेच. सरळ काही होत नाही. तुमच्या शहाण्या कॅमेऱ्याने हे करून दाखवा.

कान_उघडे
दोघंही डोळ्यांवरच भांडताय. पडवीबाब, 'रिपल्शन'मध्ये रात्री तिच्या खोलीत पुरुष घुसतो असे तिला भास होतात, तेव्हा काय ऐकू येतं ते आठवा. तिचं तोंड ओरडतंय आणि आवाज फक्त घड्याळाचा. टिक टिक. किंकाळी काढून घेतली आणि घड्याळ ठेवलं. त्यात कॅमेऱ्याचं काय कौतुक?

आपल्याकडचं उदाहरण हवं तर मल्याळी 'मणिचित्रताळ' (१९९३), ज्यावरून पुढे हिंदीत 'भूलभुलैया' झाला. शोभनाने गंगा आणि तिच्या अंगात येणारी नागवल्ली दोन्ही केल्या, पण डबिंगला दोन बायका: गंगेला भाग्यलक्ष्मीचा आवाज, तमिळ बोलणाऱ्या नागवल्लीला दुर्गाचा. शरीर तेच आणि गळा दुसऱ्याचा. अंगात येणं ज्याने जवळून बघितलंय त्याला यावर वेगळा लाल दिवा लागत नाही.

आणि एक विचारतो, राग मानू नका. असल्या पावसात छपराखाली बसून बघितलात म्हणजे अर्धाच बघितलात ना? त्या फ्लॅटातला नळ ठिबकतो तेवढा तरी ऐकू आला का?

ओली_पडवी
ऐकू आला की! इतका की सिनेमातला कुठला आणि कौलांतला कुठला ते कळेना. मित्र मध्येच उठून कोपऱ्यात बादली ठेवून आला.

वॉर्डातली
मी मानसोपचार वॉर्डात नर्स होते, नऊ वर्षं. तुम्हा तिघांचं वाचून जरा राग आला, तो लिहिते.

वेड म्हणजे भीती, हे तुम्ही धरूनच चालला आहात. खऱ्या वॉर्डात पांढरी ट्यूबलाईट असते, पंखा असतो, दहाला चहा येतो. स्किझोफ्रेनियात दिसण्यापेक्षा ऐकू येण्याचे भास जास्त आढळतात, म्हणजे कानवाल्या भाऊंचा मुद्दा थोडा खरा. पण सिनेमात त्या आवाजांना घुमवतात, घोगरे करतात. मला एक बाई सांगायची, शेजारणी भांडी घासता घासता माझ्याबद्दल बोलतात. साध्या आवाजात. तिला ते भांड्यांसकट ऐकू यायचं.

'रिपल्शन' मीही बघितलाय. ती मुलगी सलूनमध्ये गिऱ्हाइकाचा हात हातात धरून मध्येच थांबते, नुसती बघत राहते. तेवढंच मी रोज बघितलंय. पुढे भिंतीतून हात यायला लागले, तो सिनेमा झाला.

आणि हिरव्या उजेडाचं नुसतं हसू येतं म्हणता, मला तसं येत नाही. पोरगी गप्प बसायला लागली की घरचे आधी घाड्याकडे, म्हणजे भूत उतरवणाऱ्याकडे नेतात. कारण बाहेरचं लागलं की असंच होतं, हे पडद्यावर बघितलेलं असतं. आमच्याकडे येईपर्यंत वर्ष गेलेलं. बहुतेक पेशंट कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत, हे कुठला सिनेमा सांगतो?

जिलेटिनवाला
ताई, घाडी सिनेमाच्या आधीपासून आहे. जत्रेचं नाटक बघून कुणी राजाला औषध द्यायला येत नाही. भयपट म्हणजे माहितीपट नव्हे.

वॉर्डातली
राजा खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वॉर्डातल्या पोरीचं तसं नसतं.

कांदोळीचा_भाचा
उशिरा आलो. ताईंचं बरोबर आहे, पण ते भांडण गोष्टींशी आहे, उजेडाशी नाही. एक ससा कुजवून सगळं सांगणारा सिनेमाही शेवटी खून दाखवतोच की.

मी मूळ धाग्यावर बोलतो. 'शहाणा कॅमेरा' असं काही नसतं. 'द शायनिंग' (१९८०) घ्या. गॅरेट ब्राउनचा स्टेडिकॅम (अंगावर बांधून चालायचा, धक्का न बसणारा कॅमेरा) जमिनीलगत पोराच्या तीनचाकीमागून जातो. ना हिसका, ना तिरकेपणा, चौकट अगदी मोजून मारलेली. पडवीबाबांच्या हिशेबाने हा सर्वांत शहाणा. पण माणूस चालताना असं बघत नाही, पावलागणिक नजर हलतेच. त्या बोळातून जे सरकत जातं त्याला पाय नाहीत. म्हणून मी घाबरतो. (कानवाल्यांना आवडेल: फरशीवर चाकं खडखडतात, गालिचावर गप्प होतात, आणि आपण पुढच्या फरशीची वाट बघत बसतो.) उलट नट घ्या. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या स्टीफन किंगची तक्रारच होती की नायक झालेला निकल्सन पहिल्यापासून वेडा वाटतो. म्हणजे नट भडक, कॅमेरा थंड. जिलेटिनवाले बाब, तुमच्या नेमकं उलटं.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा सगळ्यांनी बघितलाय, पडणाऱ्या बाईवर हात रोखलेला. परक्या पाहुण्याला सिनेमातला डॉक्टर कॅलिगारीच वाटेल, तोही झोपेत चालणाऱ्याला नाचवतो. पण आमच्या कांदोळीच्या या पाद्रीने १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांपुढे प्रयोग करून नेमकं उलटं सांगितलं. माझ्या हातात काही नाही, झोप येते ती तुमच्याच मनातून. लाल दिवा काय, स्टेडिकॅम काय, नुसता रोखलेला हात. पुढचं बघणारा स्वतःच करतो.

ओली_पडवी
हे ऐकून माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच हं. हिरवा उजेड अजूनही नको.

पडवीचा_मालक
आता मालकाने बोलायला हरकत नाही. माझ्या घराची बदनामी चाललीय म्हणून लिहितो. मे महिन्यात घर शाकारून घेतलंय, एक थेंब गळत नाही. सकाळी बादली उचलली तेव्हा कोरडी ठणठणीत होती.