मदत हवी आहे: काकांच्या कर्जाला बाबा गॅरंटर, रिटायरमेंटचे पैसे वाचतील का?

इचलकरंजीत काकांचे लूम्स आहेत, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तिच्या कॅश क्रेडिटला (धंद्यातल्या खेळत्या पैशासाठीचं बँकेचं कर्ज) बाबांनी पर्सनल गॅरंटी दिलीये. कंपनी आता एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचं कोर्ट) गेलीये आणि बाबांच्या नावाने बँकेची फॉर्म बी नोटीस आलीये, १४ दिवसांत भरा नाहीतर दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम ९५ खाली तुमच्यावर अर्ज करू म्हणून. रक्कम एवढी आहे की आमचं सगळं विकलं तरी फिटायची नाही.

बाबा खाजगी कारखान्यातून रिटायर झालेत, ईपीएसची पेन्शन म्हणजे नावालाच. खरा आधार पीपीएफ, पीएफ-ग्रॅच्युइटीची केलेली एफडी आणि थोडे म्युच्युअल फंड. पीपीएफवर जप्ती येत नाही म्हणतात, पण एफडीचं काय? त्यात ती त्याच बँकेत आहे! मामा म्हणतायत मोडा आणि आईच्या नावावर टाका, एजंट म्हणतोय सगळं पीपीएफमध्ये भरा (वर्षाला दीडच लाख भरता येतात हे त्याला कोण सांगणार). आई रोज पासबुक काढून बघत बसते. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद:
मामांचं अजिबात ऐकू नका. दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या २ वर्षांत घरच्यांना फुकट दिलेले पैसे ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस) परत मागू शकतो, वर बाबांच्या हेतूवर शंका येते ती वेगळीच. पीपीएफला हात लावू नका. लाइफ इन्शुरन्स पॉलिसी आणि पेन्शन प्लॅन त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये वसुलीतून वगळलेत, म्युच्युअल फंड मात्र म्हातारपणासाठी ठेवले म्हणून सुटत नाहीत, ते जाणार असंच धरून चाला.

एफडीसाठी वकिलाला राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक हा सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल दाखवा. पेन्शन-ग्रॅच्युइटी हातात येऊन एफडीत गेली तरी जप्तीपासूनचं संरक्षण जात नाही असं त्यात म्हटलंय. पण तो दिवाणी जप्तीतला आहे, एनसीएलटीत तसाच चालेल असं समजू नका. कारखान्याचं फुल अँड फायनलचं पत्र, पासबुकातली पीएफ जमा झाल्याची एन्ट्री, एफडीची पावती, सगळं एका फाइलीत लावा. पैसा कुठून आला हे दिसलं पाहिजे.

धागाकर्ता:
थँक्यू दादा. त्या एफडीत आईच्या भिशीचे पण थोडे पैसे मिसळलेत, ते वेगळे दाखवता येतील का?