झुडपी जंगलाच्या तुकड्यावर मुरूम पडतोय, तक्रार कशी लिहायची?

हिंगणा_रोड
आमच्या मौजात दीड हेक्टर झुडपी जंगल (महसूल नोंदीत याच नावाने असलेली झुडपांची सरकारी जमीन) आहे. शेजारच्या लेआउटवाल्याने त्यातून मुरमाचा रस्ता काढलाय. पटवारी म्हणतात, जागा महसूलची, वनखात्याचा संबंध नाही, अन् एवढ्याशा तुकड्याला जंगल कोण म्हणतं? तक्रारीत काय लिहू? गावातली पोरं तिथे झाडं लावायलाही तयार आहेत.

खसरा_वाचक
'एवढासा तुकडा' हा वाद 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टातच संपला, भाऊ. झुडपी जंगल ही त्याच कोर्टाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार वनजमीन आहे. 3 हेक्टरपेक्षा लहान, जंगलाला लागून नसलेले तुकडेसुद्धा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 29 खाली संरक्षित वन घोषित करायचे आहेत. ताबा महसूलकडे असला म्हणून केंद्राच्या मंजुरीवाचून रस्ता होत नाही.

तक्रारीत मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि ख.नं. (खसरा नंबर) नसेल तर ती फिरत राहते. सातबारा, निस्तार पत्रक (सरकारी जमिनीवरच्या गावकऱ्यांच्या वापराच्या हक्कांची नोंद) आणि गाव नमुना 1-ई (अतिक्रमणाची नोंदवही) यांच्या नकला घ्या. नमुन्यात या रस्त्याची नोंदच नसेल, तर तोच तक्रारीचा पहिला मुद्दा. नकला मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, मुदत 30 दिवस.

अर्ज एकाच दिवशी तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि उपवनसंरक्षक अशा तिघांना, पोच घेऊन. एकालाच दिला की दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं जातं. मागणी नेमकी हवी: जमीन महसूल संहितेच्या कलम 50 खाली अतिक्रमण काढा, भूमी अभिलेखकडून हद्द मोजून द्या. 'जंगल वाचवा' एवढ्यावर कोणी काही करत नाही.

हिंगणा_रोड
सातबाऱ्यावर नुसतं 'सरकार' आहे, झुडपी लिहिलेलंच नाही. मग?

खसरा_वाचक
संगणकीकरणात शेरे गळाल्याची उदाहरणं आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा आणि बंदोबस्ताचे (जुन्या जमीन मोजणी-आकारणीचे) कागद काढा. ख.नं. बदलला असेल तर जुना-नवा मेळ घालणारा उताराही जोडा, नाहीतर समोरचा वकील 'ही ती जमीनच नाही' म्हणून मोकळा. आणि फोटो तारीख, अक्षांश-रेखांशासह. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, रस्ता कधी झाला त्याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

माळरान
झाडांची घाई नको. वनजमिनीवर वनखात्याला न विचारता खड्डे खणले की तुमच्यावरच बालंट. शिवाय जेसीबी फिरला की गवताची मुळं उखडतात आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबतं. खरं नुकसान मुरमाच्या भरावाने होतंय: दाबलेल्या मुरमावरून पाणी वाहून जातं. आधी भराव काढून घ्या, मग वनखात्याला विचारूनच उतारावर आडवे चर, साधारण 60 सें.मी. रुंद, 30 सें.मी. खोल.

परवानगी मिळाली तरी बोर, पळस, हिवर, बेल एवढंच, तेही विरळ. सुबाभूळ नको, ती पसरते अन् मग हटत नाही. खड्डे 45 सें.मी. चौरस, एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवा, रोप पहिल्या दमदार पावसानंतर. नागपूरच्या 45 अंशांत निदान दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, त्याची सोय नसेल तर लावूच नका. राखण केली तर पळस-बोरीचे जुने बुंधे आपोआप फुटतात. वणव्याच्या दिवसांआधी, जानेवारीतच, कडेने 3 मीटरची जाळपट्टी (आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) साफ करून घ्या.