मून हाऊसच्या वाटेवर दोर कुठे बांधायचा?

ऑक्टोबरमध्ये चौघं अमेरिकेतल्या यूटाहच्या सीडर मेसा पठारावर मून हाऊसला, म्हणजे कड्याच्या कपारीतल्या प्राचीन प्यूब्लो लोकांच्या घरांच्या अवशेषांकडे, जातोय. दिवसाला 20 जणांनाच मिळणारी परवानगी हातात आहे, तारीख बदलता येणार नाही. तिथे नेणाऱ्या स्नो फ्लॅट रस्त्याची माती ओली झाली की फोर-व्हीलही अडकते. पाऊस पडला तर बेत रद्द. पाणी माणशी 4 लिटर. आतल्या खोल्यांत शिरायचं नाही, भिंतींना टेकायचं नाही, हे सगळ्यांना बजावलंय.

अडलंय एकाच जागी. मॅकलॉइड कॅन्यनमध्ये उतरताना पुरुषभर उंचीचा टप्पा आहे. खाली रचलेल्या दगडांचे फोटो पाहिले, पण ते दगड आज तसेच असतील याचा भरवसा नाही. एकाचे गुडघे कच्चे आहेत. परतीची चढण त्याला जड जाईल. 15 मीटर दोर आणि स्लिंग (झाडाला गुंडाळून दोर अडकवायचा पट्टा) आहे, पण वालुकाश्मावर दोर घासून खाचा पडायला नकोत. वर स्लिंग अडकवायला पक्कं झाड आहे का, की खालून आधार देऊन भागतं?