रात्रभरात कळत नाही

"कानामागे रात्रभर काळी मेंदी लावून पाहिली, काही झालं नाही, म्हणजे चालते" हे वर लिहिलंय ते पटलं नाही. जळजळ लगेच कळते, ॲलर्जी उठायला मात्र दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून दवाखान्यात ॲलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात आणि लावल्यापासून 96 तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. काळ्या मेंदीतलं पीपीडी, म्हणजे काळा रंग देणारं रसायन, त्या पट्टीत व्हॅसलिनमध्ये 1 टक्काच असतं.

आमच्या मामीची टेस्ट मे महिन्यात केली. 45 डिग्रीत घामानं पट्ट्या दुसऱ्याच दिवशी सुटल्या, वरून मामी पऱ्हाटी उपटायला वावरात! थंडीत बोलावलं, तर कापूस वेचणी. टेस्ट चालू असताना आंघोळ नाही, वाकणं नाही, कोणाला परवडतं? शेवटी संक्रांतीनंतर जमलं. 48 तासांना जेमतेम गुलाबी दिसलेली पीपीडीची जागा चौथ्या दिवशी लालभडक, फुगलेली.