बारा इंची गोधड्या भिंतीवर सरळ का राहत नाहीत?

खणवेडी

भिंतीवर लावायच्या नऊ छोट्या गोधड्यांची मालिका चालू आहे. माप प्रत्येकी १२ × १२ इंच. वर खण आणि जुन्या सुती नऊवारीचे तुकडे, मध्ये १५० जीएसएमचं पॉलिस्टर वॅडिंग (भरणीचा मऊ थर), मागे मांजरपाट. मशीन साधं घरगुती, दाते खाली करून फ्री मोशन टीप (कापड हातानेच फिरवत). चार झाल्यात आणि चौघींची रड सारखीच आहे.

मधला भाग दाट टिपांनी घट्ट बसलाय, कडेचे दोन इंच मोकळे सोडलेत, तिथे लाटा येतात. तिन्ही थर बरोबर १२ इंचाचे कापले होते. शिवून झाल्यावर, गोट (कडेला दुमडून लावायची पट्टी) लावायच्या आधीच, एक साडेअकरा भरली, एक सव्वा अकरा, आणि एकीच्या तर समोरासमोरच्या बाजूही जुळत नाहीत. गोट लावला की कोपरे बोटभर जाड. मागे नळी शिवून काठी घातली तरी वरचे दोन कोपरे भिंत सोडून पुढे येतात. वळणांवर मागच्या बाजूला दोऱ्याचे बारीक फास दिसतात ते वेगळंच.

दोन महिन्यांनी गटप्रदर्शन आहे. भिंतीला खिळे मारायचे नाहीत, वर रेल आणि त्यातून सोडलेल्या नायलॉनच्या तारा आहेत. नऊही तीन-तीनच्या ओळीत लावायच्यात. कॅनव्हासवर चढवाव्यात, काचेच्या फ्रेममध्ये घालाव्यात की नुसत्याच टांगाव्यात?

उलटी_टीप

फास आणि कोपऱ्यांचा जाडपणा सोडला तर बाकी दुखणी एकाच जागची आहेत. अंथरुणाची गोधडी टांगली तर स्वतःच्या वजनाने सरळ लोंबते. बारा इंचीला वजनच नाही, त्यामुळे शिवताना कापडात जो ताण उरला तो जसाच्या तसा भिंतीवर दिसतो. मधे दाट टिपा पडल्या की तो भाग आकसतो, कडेचं कापड मात्र मूळ लांबीचंच राहतं. ती जादा लांबी जाणार कुठे? तीच लाट.

पुढच्या पाचांसाठी वरचा थर तयार मापापेक्षा दोन इंच मोठा घ्या, वॅडिंग आणि मांजरपाट तीन इंच मोठं. तयार चौकोनाची रेघ भडक दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी आखून ठेवा. तिन्ही थर मधून बाहेर टाचत जा, दोन-दोन इंचांवर उभे-आडवे कच्चे टाके. टिपा रेघेच्या बाहेर अर्धा इंच जाऊ द्या आणि दाटपणा सगळीकडे साधारण सारखा ठेवा. मोकळी जागा चित्राची गरज म्हणून हवीच असेल तर तिथेही त्याच रंगाच्या दोऱ्याने पाव-पाव इंचावर सरळ टिपा मारा. त्या डोळ्यात भरत नाहीत आणि कापड धरून ठेवतात.

शिवून झालं की लगेच कापायचं नाही. आधी ओलं करून ताणून वाळवायचं. थर्माकोलच्या जाड तुकड्यावर पंचा पसरा, गोधडीवर पाण्याचा फवारा मारून ती दमट करा (चिंब नको), गुण्या लावून कोपरे काटकोनात आणा आणि दर इंचाला न गंजणारी टाचणी ठोका. पंख्याखाली एक रात्र ठेवा. पूर्ण वाळल्यावर पट्टी आणि रोटरी कटरने कापा. नुसत्या बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकोन तिरका आहे, बाजू कितीही बरोबर असल्या तरी.

झालेल्या चार फुकट जाणार नाहीत. गोट उसवा, कडेच्या मोकळ्या पट्ट्यात टिपा भरा, मग वर सांगितल्याप्रमाणे ताणून वाळवा. सगळ्यात लहान सव्वा अकराची आहे, ती चौकोनी करताना ११ इंच उरेल असं धरू. शिलाईत चारी बाजूंनी पाव-पाव इंच गेलं की तयार माप साडेदहा. नऊही साडेदहाच्याच करा. मालिकेत एखादी गोधडी पाव इंचाने लहान असली तर ओळीत लावल्यावर लांबूनही कळते.

गोट नकोच. ब्लाउजच्या गळ्याला आतून पट्टी लावतो तसं फेसिंग करा. अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या, लांबीत दुमडून सव्वा इंचाच्या. दोन ११ इंच लांब, दोन १२ इंच. आधी डाव्या-उजव्या बाजूला ११ इंची पट्ट्या, सुलटीवर सुलटी ठेवून, पाव इंचावर टीप. शिलाईतलं वॅडिंग टिपेच्या अगदी जवळून कापून टाका. पट्टी बाहेर उलटून फक्त पट्टीवर आणि आतल्या शिलाईवर दाबटीप मारा, दोन्ही टोकांना एक-एक इंच सोडून. मग वर-खाली १२ इंची पट्ट्या, त्यांची अर्धा-अर्धा इंच जादा टोकं मागे दुमडून घ्यायची. कोपरा तिरका छाटा, मागे उलटवा, बोथट काडीने कोपरा बाहेर काढा. कात्रीच्या टोकाने काढायला गेलात तर खण तिथेच उसवेल. पट्टीची आतली कड हाताने तुरपून टाका. तुमचे कोपरे जाड होतात कारण तिथे वॅडिंगसकट तीन थर आणि वर गोटाच्या चार घड्या बसतात.

मागचे फास हात पळाल्यामुळे येतात. वळणावर हात आपोआप वेगाने फिरतो, मशीन तेवढं पळत नाही, आणि वरचा दोरा खालच्याला आपल्याकडे खेचू शकत नाही. पेडल एका मध्यम वेगावर धरा आणि वळणावर हात मुद्दाम हळू करा. सुरुवातीलाच मागे दोऱ्याचा गुंता होत असेल तर कारण दुसरं आहे: दोरा ओवताना मशीनचा पाय (कापड दाबून धरणारा) खाली होता. पाय खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. पाय वर करून ओवा, पहिला टाका घालून बॉबिनचा दोरा वर काढून घ्या आणि मगच सुरू करा. सुई १४ नंबरची, आणि दर दोन गोधड्यांना नवी.

धावदोरा

वरचं सगळं बरोबर, पण पॉलिस्टर वॅडिंग पाचांसाठी तरी बदला. ते दाबलं की पुन्हा उसळतं, म्हणून कड गोल दिसते आणि फेसिंग मागे नीट बसत नाही. इस्त्री जरा जास्त गरम झाली की चपटं होतं ते कायमचं. सुती वॅडिंग मिळालं तर उत्तम, ते आधी धुऊन आटवून घ्या. नाही मिळालं तर आपल्याकडे गोधडीत घालतात तेच घाला: जुन्या सुती लुगड्याचे तीन थर. पातळ, जड आणि आधीच आटलेलं. साडेदहा इंचाच्या तुकड्याला हे वजन उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र पारंपरिक गोधडीवरून उचलू नका. बऱ्याच गोधड्या कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे शिवतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंद (ठिगळांची गोधडी) तर कोपऱ्यापासूनच सुरू होते, ठिगळं जोडत-जोडत आत जाते आणि शेवटी चार कोपऱ्यांना तिकोनी फुलं लागतात. तिथे थर मऊ असतात, झोळ मध्याकडे सरकत जातो आणि त्या बारीक सुरकुत्यांतच तिचं रूप आहे. मध्ये वॅडिंग असलं की तोच झोळ फुगा होऊन मधोमध बसतो. म्हणून वॅडिंग असेल तर मधून बाहेर. तीन लुगड्यांचे थर असतील आणि हाताने धावदोरा घालणार असाल तर कडेने खुशाल या. भरतकामाच्या दोऱ्याच्या सहापैकी दोन पदरी, ओळींत एक सेंटिमीटर अंतर. तीन-चार टाके सुईवर घेऊन दोरा ओढला की दर वेळी बोटाने कापड सारखं करा. नाहीतर ओळ आकसते आणि पुन्हा तीच लाट.

आता खण. लाल आणि गडद हिरव्याचा रंग जातोच असं समजून चाला. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याखाली खण ठेवून पाच मिनिटं इस्त्रीने दाबा. फडक्यावर डाग आला तर तो तुकडा तसाच वापरायचा नाही, कारण ताणून वाळवताना पाणी मारायचंच आहे. साबणाच्या कोमट पाण्यातून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो ही समजूत बाजारू रंगांच्या बाबतीत सोडून द्या. धुऊनही रंग थांबत नसेल तर तो तुकडा या मालिकेत नको.

खण कापला की लगेच सुटतो. मागून पातळ फ्युझिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवून मगच आकार कापा. काठात प्लॅस्टिकची जर असेल तर इस्त्री थेट लावू नका, आकसून गोळा होते. वर सुती फडकं, मंद आच. खऱ्या रेशमी जुन्या साडीचा तुकडा घेणार असाल तर आधी घडीच्या रेषेवर हलकेच ताणून बघा. चिरत असेल तर मागून मलमल लावल्याशिवाय सुई लावू नका.

जुन्या कापडाबरोबर कसरही येते. तुकडे हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर थंड कापडावर दव धरतं.

गोटकाठ

टांगण्याबद्दल. रेल आणि तार म्हटल्यावर नुसती काठी घालून लोंबती गोधडी हा सगळ्यात वाईट पर्याय. तारेचा हुक वस्तूला भिंतीपासून थोडं दूर धरतो, हलकी वस्तू वाऱ्यावर फिरते आणि तीन ओळींत एकही सरळ राहत नाही. कोपरे पुढे येतात ते काठी नळीत थोडी आखूड पडली म्हणून. काठी दोन्ही कडांपासून अर्ध्या इंचापर्यंत पोचायला हवी, आणि गोल काठीऐवजी तीन मिलिमीटर जाडीची चपटी पट्टी हवी. खिळा मारता आला असता तर तेवढ्यावर भागलं असतं.

तुमच्यासाठी लाकडी चौकटीवर ताणलेला १२ × १२ चा तयार कॅनव्हास. साडेदहाची गोधडी त्यावर मधोमध बसवली की चारी बाजूंनी पाऊण इंच मोकळी पट्टी राहते, सुंदर दिसते. कॅनव्हासला, बाजूंसकट, गडद करड्या ॲक्रेलिकचे दोन हात द्या आणि दोन दिवस वाळू द्या. गोधडी डिंकाने चिकटवू नका. पांढरा डिंक वाळल्यावर कडक होतो, पातळ कापडातून वर डाग येतो आणि पुन्हा काढता येत नाही. वाकड्या सुईने फेसिंगची कड आणि कॅनव्हास पकडत इंच-इंचावर टाके घाला, पुढून दिसणार नाहीत असे. मध्यातही चार-पाच टाके, तिथल्या टिपेत लपवून, नाहीतर पोट सुटतं.

मागे दोन डी-रिंग (तार अडकवायच्या कड्या), वरच्या कडेपासून चार इंचांवर, दोन्ही बाजूंना. याहून खाली लावल्या तर वरची कड पुढे झुकते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं.

काचेच्या विरोधात मी आहे. टाक्यांचा उठाव हाच गोधडीचा जीव, तो काचेमागे मरतो. काच लावायचीच असेल तर कापड काचेला टेकता कामा नये, मध्ये निदान पाच मिलिमीटरची पट्टी हवी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात टेकलेल्या जागी बुरशी ठरलेली.

मांडणीचा हिशोब: तीन कॅनव्हास ३६ इंच, मधली दोन अंतरं तीन-तीन इंच, एकूण ४२ इंचाचा चौकोन. त्याचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरा. म्हणजे वरची कड ७९ वर, खालची ३७ वर. घरी जमिनीवर वर्तमानपत्राचे नऊ चौकोन मांडून क्रम ठरवून घ्या, प्रदर्शनाच्या जागी वेळ मिळत नाही. उजेड समोरून नको, एका बाजूने तिरका हवा, तेव्हाच टिपांच्या सावल्या पडतात. संग्रहालयं कापडासाठी ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. आठवड्याच्या प्रदर्शनात इतकं काटेकोर व्हायची गरज नाही, पण दिवा जवळ असेल तर लांब करायला सांगा.

खणवेडी

खूप आभार तिघांचेही. कॅनव्हासच करते. दोन शंका. माप साडेदहा केलं तर पुढे बाहेरच्या प्रदर्शनांना चालेल का? आणि किंमत कशी लावायची? गॅलरी ४० टक्के घेणार आहे.

चिंधी_चिंधी

माप ज्या-त्या प्रदर्शनाच्या आवाहनात दिलेलं असतं. बारा इंचाचा आग्रह बहुधा अमेरिकेतल्या 'स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स' (स्थापना १९८९) या संस्थेच्या लिलावावरून आला असावा. तिथे सभासदांनी दान दिलेल्या १२ × १२ इंची क्विल्ट असतात आणि दिवसागणिक किंमत उतरत जाते. तिथे पाठवायची असेल तर तयार माप बरोबर १२ हवं. या मालिकेला ते बंधन नाही. पण निवडीसाठी फोटो लागतात, ते कॅनव्हासवर चढवण्याआधी काढून ठेवा: एक पूर्ण गोधडीचा, चारी कडा दिसतील असा, आणि एक टाक्यांचा जवळून. फोन जवळ धरला की चौकोन फुगलेला दिसतो. लांब उभं राहून दुप्पट झूम करा, ढगाळ उजेडात, फ्लॅश बंद.

किंमत चौरस इंचावर लावा, म्हणजे मालिकेत फरक पडत नाही. साडेदहा गुणिले साडेदहा म्हणजे साधारण ११० चौरस इंच. उदाहरणादाखल ४० रुपये दर धरला तर ४,४००, कॅनव्हास-रंग-रिंगचे ६०० मिळवून ५,००० तुमच्या हातात यायला हवेत. इथे सगळे चुकतात: ५,००० वर ४० टक्के चढवून ७,००० लावतात, आणि गॅलरीचे ४० टक्के वजा झाले की ४,२०० हातात येतात. ५,००० ला ०.६ ने भागा. येतात ८,३३३, लावा ८,४००.

मागे मांजरपाटाची चिठ्ठी शिवा: नाव, शीर्षक, वर्ष, माप, कापडं, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. बाण विसरू नका, अमूर्त नक्षी असली की लावणारा माणूस हमखास उलटी लावतो. चिठ्ठी कॅनव्हासवर चढवायच्या आधी गोधडीला शिवा आणि तशीच दुसरी चौकटीच्या लाकडावर चिकटवा, कारण पहिली आत झाकली जाणार.