मदत हवी आहे: केनियातल्या निवडणुकीच्या काळात आईबाबांना बोलवावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही नैरोबीत नवीन आहोत. आईबाबा पुण्याहून २०२७ च्या ऑगस्टमध्ये यायचं म्हणताहेत आणि नेमकं १० ऑगस्टला इथे सार्वत्रिक मतदान आहे. अध्यक्षपदासाठी निम्म्याहून जास्त मतं, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंटींत (म्हणजे इथल्या जिल्ह्यांत) २५ टक्के मतं लागतात; नाहीतर ३० दिवसांत दुसरी फेरी. २०१७ साली तर सर्वोच्च न्यायालयाने निकालच रद्द केला होता. २००७ च्या मतदानानंतरच्या हिंसाचाराबद्दल शेजारच्या आजी अजून हळू आवाजात बोलतात, म्हणून जास्त काळजी वाटते.

२०१७ किंवा २०२२ मध्ये जे इथे होते त्यांनी कृपया सांगा: मतदानाच्या आठवड्यात दुकानं, मटाटू (इथल्या खासगी मिनीबस), विमानतळाचा रस्ता कसं होतं? बाबा इन्सुलिन घेतात, साठा किती ठेवू? की सप्टेंबर उलटल्यावरच या म्हणू?